'झोसा' नव्हे, खोसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चौथ्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, आपण एक चौकट छापली होती: 'जगातल्या दोन सर्वांत विचित्र भाषा'. पहिली 'झोसा', दुसरी हंगेरियन. झोसा बोलणारी माणसे जिभेने नुसती टकटक करतात आणि त्या भाषेला धड व्याकरण नाही. हंगेरियनचे शब्द आगगाडीएवढे लांब आणि ती परक्याला येणे अशक्य. दोन्हींचे मूळ अज्ञात. चौकट अकरा ओळींची. मी इथे रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात छत्तीस वर्षे खिळे (छपाईची शिशाची अक्षरे) जुळवले, शेवटी शेवटी प्रुफेही पाहिली. अकरा ओळींत एवढ्या चुका असलेले प्रूफ आमच्या मालकांनी जुळाऱ्याच्या अंगावर भिरकावले असते.

भाषाशास्त्र मी शिकलेलो नाही. जुनी अकरावी झाली आणि थेट छापखान्यात उभा राहिलो. पण योगायोग असा की या दोन्ही भाषा माझ्या घरात येऊन गेल्या आहेत. एक १९८६ साली जिना चढून आली, दुसरी दर रविवारी संध्याकाळी फोनवरून येते. म्हणून राहवले नाही.

आधी नावाचे बघू. रोमन लिपीत ते 'एक्स'ने सुरू होते, म्हणून आपल्या उपसंपादकांनी 'झेरॉक्स'च्या चालीवर 'झोसा' केले असावे. त्या 'एक्स'चा झ-शी काही संबंध नाही. माझा मुलगा दक्षिण आफ्रिकेत मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. त्याचे गाव पूर्वीचे पोर्ट एलिझाबेथ. २०२१ साली सरकारने त्याचे नाव बदलले आणि नदीचे जुने खोसा नाव गावाला दिले. ते मी इथे लिहू शकत नाही, कारण त्याच्या पहिल्याच अक्षराला आपल्या बाराखडीत घर नाही. मराठीत 'केबेर्हा'च्या जवळपास काहीतरी होते, पण माझी नात ते ऐकून हसते. नात अकरा वर्षांची आहे, तिला शाळेत खोसा हा विषय आहे, आणि व्हिडिओ कॉलवर तिने माझी शिकवणी घेतली.

तिने सांगितले, आजोबा, खोसातले जिभेच्या टाळीचे तिन्ही आवाज तुम्हाला येतात, फक्त तुम्ही ते शब्दांत घालत नाही. खरेच येतात. कोणाचे वाईट झाले की आपण जीभ वरच्या दातांमागे लावून चुकचुकतो, पालही तशीच चुकचुकते. तो पहिला आवाज, खोसात तो रोमन 'सी'ने लिहितात. पोरे घोड्याच्या टापा वाजवून दाखवताना टाळूला जीभ लावून 'टॉक' करतात, तो दुसरा, 'क्यू'. आणि स्टेशनवरचे टांगेवाले घोडे हाकताना गालाच्या आत, दाढेपाशी, एका बाजूने जो आवाज काढत, तो तिसरा, 'एक्स'. भाषेचे नाव त्या टांगेवाल्याच्या आवाजाने सुरू होते आणि त्याला लगेच हकार चिकटतो. हे तीन मूळ आवाज. प्रत्येकाचे साधा, हकारयुक्त, घोगरा, नाकातला वगैरे सहा-सहा प्रकार, म्हणजे एकूण अठरा व्यंजने. मी पहिला आवाज काढायला गेलो आणि माझी वरची कवळी सुटून मांडीवर पडली. नात फोन उलटा धरून हसत होती. तेव्हापासून मी कवळी काढून सराव करतो, पण दात नसले की 'सी' नीट वाजत नाही. या भाषेने म्हातारपणाची सोय ठेवलेली नाही.

हकार आहे म्हणून मराठीत 'खोसा' लिहिणे त्यातल्या त्यात बरे. ख हे हकारयुक्तच अक्षर आहे. टाळी गेली तरी हकार तरी उरतो.

एका जुळाऱ्याला यातली खरी गंमत कुठे वाटते ते सांगतो. खोसा पहिल्यांदा छापली गेली ती १८२३च्या अखेरीस, जॉन रॉस हा स्कॉटिश मिशनरी दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागात जॉन बेनी वगैरे सहकाऱ्यांकडे छापखाना घेऊन पोचला तेव्हा. त्यांच्यापुढे पेच असा की जिभेच्या टाळीला रोमनमध्ये खिळाच नाही. नवा खिळा ओतून घ्यायचा तर विलायतेतून यायला किती महिने! पण 'क'चे काम 'के' करत होता, त्यामुळे केसमधली, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतली, सी, क्यू आणि एक्स ही तीन घरे बिनकामाची पडली होती. त्यांनी तेच खिळे उचलले. ज्याने कोणी हे सुचवले, तो केससमोर उभा राहून विचार करणारा माणूस असणार.

या टाळ्या खोसा लोकांच्या मूळच्या नाहीत. शेजारच्या खोईखोई आणि सान लोकांशी रोटीबेटी झाली, त्यांचे शब्द आले आणि शब्दांबरोबर आवाज आले. शिवाय एक चाल आहे. लग्न होऊन आलेल्या सुनेने सासऱ्याच्या आणि सासरच्या थोरांच्या नावात येणारी अक्षरेसुद्धा तोंडात घ्यायची नाहीत. मग रोजचे शब्द अडतात, तिथे दुसरे शब्द घ्यायचे, किंवा त्याच शब्दातला एखादा आवाज बदलायचा. टाळ्यांचा प्रसार होण्यात या चालीचाही हात असावा असे जाणकार मानतात. नातीने हे वर्गात ऐकून मला सांगितले तेव्हा तिला ते अजब वाटत होते. मला माझी आजी आठवली. आजोबांचे नाव गोपाळ. आजीने आयुष्यभर गोपाळकाल्याला नुसते 'काला' म्हटले आणि समोरच्या वाड्यातल्या गोपाळरावांना 'समोरचे राव'. एकदा दांडिया बाजारच्या देवळात कीर्तन होते, बुवांनी बायकांना 'गोपाळ कृष्ण' म्हणायला सांगितले. आजीने फक्त 'कृष्ण' म्हटले, तेही मोठ्यांदा. आणि आपण विचित्र भाषा शोधायला आफ्रिकेत जातो!

आता 'धड व्याकरण नाही' हे वाक्य. संपादक महोदय, या भाषेत नामांचे पंधराच्या आसपास वर्ग आहेत. आपली तीन लिंगे सांभाळताना आपल्याला घाम फुटतो. प्रत्येक वर्गाचा स्वतःचा उपसर्ग असतो, आणि अनेकवचन शेपटाला होत नाही, डोक्याला होते. माणूस 'उम्न्तु', माणसे 'अबान्तु'. झाड 'उम्थि', झाडे 'इमिथि'. ताट 'इसित्या', ताटे 'इझित्या'. भाषा ताटाच्याच वर्गात बसते, म्हणून भाषा 'इसिखोसा', आणि ती बोलणारी माणसे 'अमाखोसा'. एवढ्यावर भागत नाही. नामाचे डोके बदलले की वाक्यातल्या सगळ्यांनी तशी टोपी घालायची. 'माझे गोड मूल खेळते आहे' याला 'उम्न्त्वाना वाम ओम्ह्ले उयाद्लाला'. तेच 'माझी गोड मुले खेळत आहेत' झाले की 'अबान्त्वाना बाम अबाह्ले बायाद्लाला'. चारही शब्दांत 'बा' वाजते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे लांबचे वाटेल, बडोदेकराला वाटू नये. आमच्या आजूबाजूला दिवसभर काय ऐकू येते? 'मारां नानां छोकरां रम्यां.' माझी लहान मुले खेळली. चारही शब्दांत 'आं'. खोसा जी घंटी शब्दाच्या दारात वाजवते, तीच गुजराती परसदारी वाजवते. नातीला मी हे गुजराती वाक्य फोनवर म्हणून दाखवले. तिने ते बाईंना म्हणून दाखवले आणि बाईंनी फळ्यावर लिहून घेतले, असे ती सांगते.

मूळ अज्ञात म्हणे. आमच्या समोर एक गुजराती काका राहतात, १९७२ साली इदी अमीनने हाकलले तेव्हा युगांडातून नेसत्या वस्त्रानिशी परत आले. त्यांना स्वाहिली येते. मी त्यांना 'उम्न्तु-अबान्तु' सांगताच ते म्हणाले, 'ए तो अमारुं म्तु-वातु!' स्वाहिलीत माणूस 'म्तु', माणसे 'वातु'. तीनला स्वाहिलीत 'तातु', खोसात 'थाथु'. युगांडा कुठे, नातीचे गाव कुठे, मध्ये हजारो मैल. 'बंटू' हे या भाषाकुळाचे नावच मुळी त्या 'माणसे' या शब्दावरून पडले आहे. झुलू ही खोसाची सख्खी बहीण. एवढे गणगोत असलेल्या भाषेला आपण अनाथ ठरवून मोकळे झालात. ऐंशी लाखांच्या आसपास लोकांची ती मातृभाषा आहे, नेल्सन मंडेलांची होती, आणि त्यांच्या देशाच्या १९९६च्या राज्यघटनेत ती राजभाषांत आहे.

आता हंगेरियन. १९८६च्या जुलैत आमच्या वरच्या मजल्यावर एक हंगेरियन मुलगा भाड्याने राहायला आला. सरकारी शिष्यवृत्तीवर सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये मातीकाम शिकायला आला होता. रंगाने गोरा आणि हात सदा मातीत, म्हणून आईने त्याला पहिल्याच आठवड्यात 'गोरोबा' करून टाकले. पावसाळ्यात त्याच्या मडक्यांनी आमची गच्ची भरून जायची. दोन वर्षे तो आमच्यात राहिला आणि कामापुरती मराठी बोलू लागला. ती कशी बोलायचा त्यावरून मला हंगेरियनचे व्याकरण कळले.

पहिली गोष्ट म्हणजे त्याला तो-ती-ते कळायचे नाही. 'काका, आजी आला, तो चहा मागतो.' हंगेरियनमध्ये लिंगच नाही. तो आणि ती दोघांना एकच शब्द. ओठांचा चंबू करून 'ए' लांबवावा, तसा काहीसा उच्चार. आईला हे फार लागायचे. ती म्हणायची, अरे मी तुला बाप्या दिसते का? (खोसातही तो-ती असा भेद नाही, सगळ्या माणसांना एकच 'उ'. या एका बाबतीत आपल्या चौकटीतल्या दोन भाषा एकमेकींच्या शेजारी बसतात. बाकी दोघींचे नाते काडीचे नाही.) दुसरी गोष्ट, आकडा आला की तो पुढचे अनेकवचन करायचा नाही. खंडेराव मार्केटमध्ये 'पाच आंबा द्या' म्हणायचा. हंगेरियनमध्ये 'पाच' म्हटल्यावर वस्तू अनेक आहेत हे कळलेच, मग परत कशाला सांगायचे, असा त्यांचा हिशेब. विकणारीला काही खटकायचे नाही, गुजरातीत 'पांच केरी' चालतेच. वांधा यायचा तो फक्त आमच्या घरात.

आडनाव मात्र त्याने बरोबर आधी लावले. विद्यापीठाच्या फॉर्मवर सगळे परदेशी चुकायचे, हा एकटा चुकला नाही, कारण त्यांच्याकडे आडनाव आधी आणि नाव मागून अशीच रीत आहे. मोठ्या माणसांना नावापुढे 'बाची' म्हणजे काका आणि 'नेनी' म्हणजे काकू लावायचे, तेही त्याला सांगावे लागले नाही. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ, थोरली बहीण आणि धाकटी बहीण यांना त्यांच्याकडे चार वेगळे शब्द आहेत. इंग्रजीच्या 'अंकल'मध्ये आपले काका-मामा बुडाले, तसे हे थोरले-धाकटे तिथे बुडालेले नाहीत. नात सांगते की खोसातही मामाला 'उमालुमे' असा स्वतंत्र शब्द आहे आणि आत्याला वेगळा.

आता एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण चूक माझी होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गोरोबाने आपल्या कामाचे छोटे प्रदर्शन मांडले. निमंत्रणपत्रिका आमच्याच छापखान्यात, मीच जुळवली. नाव ठेवले होते हंगेरियनमध्ये एकाक्षरी: वर्तुळ. चाकाचे वर्तुळ. रोमनमध्ये के, ओ, आर, आणि ओच्या डोक्यावर दोन ठिपके. ओठांचा चंबू करून 'केर' म्हणावे तसा उच्चार; आमच्या कानाला केरच. आमच्या रोमन केसमध्ये ठिपकेवाला ओ नव्हता. मला वाटले, दोन ठिपके तर आहेत, कोण बघतो! साधा ओ लावला आणि दीडशे कार्डे छापून सुकत टाकली. गोरोबा आला, एक कार्ड उचलले, वाचले आणि खाली बसला. ठिपक्याशिवाय तोच शब्द 'कोर' होतो, आणि त्याचा अर्थ वय, काळ. वर ठिपक्यांऐवजी एक तिरकी रेघ असती तर अर्थ झाला असता रोग! तो म्हणाला, 'काका, तुम्ही रोग नाही छापला, हे चांगलं.' मराठीत आपण दिन आणि दीन यांवरून भांडतो. तिथे चौदा स्वर आहेत, सात ऱ्हस्व आणि सात दीर्घ, आणि एकेका ठिपक्यावर अर्थ तोललेला. (खोसात स्वर मोजून पाच. एकीने स्वरांत खर्च केला, दुसरीने व्यंजनांत.)

कार्डे परत छापायला पैसे नव्हते. रात्री आम्ही तिघे जमिनीवर बसलो आणि आईने कुंकवाची काडी काढून दिली. छापखान्याची काळी शाई बशीत ओतली आणि दीडशे कार्डांवर तीनशे ठिपके दिले. आईचे ठिपके सगळ्यांत गोल आले. साठ वर्षे रोज कपाळावर सराव होता.

आपल्या चौकटीतली 'आगगाडी' म्हणजे काय तेही त्यानेच मला डब्याडब्याने सांगितले. 'हाझ' म्हणजे घर. 'हाझबॉन' म्हणजे घरात. 'हाझॉइमबॉन' म्हणजे माझ्या घरांत. हाझ घर, मधला ऑइ अनेक, म माझा, बॉन म्हणजे आपला 'त'. हे ऐकून मी म्हटले, यात आगगाडी कुठली? 'घरातल्यांनासुद्धा' हा शब्द मी स्टिकमध्ये (खिळे ओळीने लावायच्या पट्टीत) रोज जुळवतो, तो काय बैलगाडी आहे? त्यांच्या विभक्ती अठराच्या आसपास आहेत, पण बहुतेक आपल्या शब्दयोगी अव्ययांसारख्या: वर, आत, पर्यंत, साठी. फक्त त्यांना एक सवय आहे की मागचा प्रत्यय पुढच्या शब्दाचा सूर धरतो. घरात 'हाझबॉन', पण बाग म्हणजे 'कॅर्त', तर बागेत 'कॅर्तबॅन'. बॉनचा बॅन झाला, कारण कॅर्तचा स्वर तोंडात पुढचा आहे. तंबोरा लावल्यासारखे. आणि सफरचंद 'ऑल्मॉ', पण सफरचंदात 'ऑल्माबॉन'. शेवटचा स्वर लांबतो, आपले घर प्रत्ययापूर्वी 'घरा' होते तसा. सामान्यरूप म्हणून शाळेत ज्याने आपल्याला छळले, त्याचा एक भाऊ दान्यूबकाठी राहतो.

विशेषणे मात्र त्यांची सरळ. चांगले घर असो की चांगली घरे, नामाआधीचे विशेषण जागचे हलत नाही. आपले 'सुंदर' हे विशेषण कुणापुढे वाकत नाही, तसे त्यांचे सगळेच.

हंगेरियनचेही मूळ अज्ञात नाही. १७६९ साली शाइनोविच नावाचा एक हंगेरियन पाद्री शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना, पाहायला नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेला. तिथल्या सामी लोकांची भाषा ऐकून त्याच्या लक्षात आले की ही आपल्या भाषेची नातलग आहे. १७७०मध्ये त्याने तसे पुस्तक छापले. फिनिश आणि एस्टोनियन या लांबच्या बहिणी, सैबेरियातल्या खांती आणि मान्सी जवळच्या. गोरोबाला मात्र दुसराच माणूस प्रिय होता, केरेशी चोमा शांदोर. आपल्या लोकांचे मूळ शोधायला हा माणूस १८१९ साली घरून निघाला आणि बराच पायी चालत लडाखला पोचला. मूळ सापडले नाही, पण तिबेटी भाषेचा कोश आणि व्याकरण हाताला लागले. दोन्ही १८३४ साली कलकत्त्यात छापली गेली. १८४२ साली तो दार्जिलिंगला तापाने गेला. गोरोबा दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस रेल्वेने जाऊन त्याची कबर पाहून आला.

शंभरला हंगेरियनमध्ये 'साझ' म्हणतात आणि हजारला 'अॅझॅर'. गाईला 'तॅहेन'. फार पूर्वी गवताळ प्रदेशात इराणी आणि त्यांच्या भाऊबंदांशी शेजार होता, तेव्हा हे शब्द घेतले गेले. आपले शत, आपले हजार, आपली धेनू. सात आणि आठवडा दोन्हींना 'हेत', जसे आपल्याकडे सप्त आणि सप्ताह. खिशाला 'झॅब'. तो तुर्कांकडून गेला, हिंदीतली 'जेब' हीच. गाईचा शब्द ऐकल्यावर आईने गोरोबाला पाया पडायला लावले, का ते मला आजवर कळलेले नाही.

दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या की मला माझी स्टिक आठवते. ओळ जुळवून झाल्यावर शेवटी एक खिळा वाढवायचा असेल तर काही अडत नाही. सुरुवातीला घालायचा असेल तर सगळी ओळ सरकवावी लागते. हंगेरियन शेवटी वाढवत जाते, खोसा सुरुवातीला. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे दोन्हींत एकाच शब्दात होते. हंगेरियनमध्ये 'सॅरॅतलॅक': आधी प्रेम, मग शेपटात मी आणि तू एकत्र. खोसात 'न्दियाकुथान्दा': आधी मी, मग तू, आणि प्रेमाचा नंबर शेवटी. शिकणे-शिकवणे घ्या. खोसात 'फुन्दा' शिक, 'फुन्दिसा' शिकव, 'उम्फुन्दि' विद्यार्थी, 'इसिफुन्दो' धडा. हंगेरियनमध्ये 'तॉनुल' शिकतो, 'तॉनीत' शिकवतो, 'तॉनुलो' विद्यार्थी, 'तॉनीतो' शिक्षक. मधोमध आपण: शीक, शिकव, शिकाऊ, शिकवणी. प्रत्यय मागे जोडण्यात आपण हंगेरियनच्या रांगेत, आणि विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळ्यांना नामाच्या तालावर नाचवण्यात खोसाच्या. म्हणजे विचित्रपणाचा मान द्यायचाच असेल तर तो दोन्हीकडचा घेतलेल्या मराठीलाही द्या. आघातही उलटा आहे. हंगेरियन दर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर हातोडा मारते. गोरोबाच्या तोंडी 'वडोदरा'तला 'व' ठणकन वाजायचा. खोसा शेवटून दुसरे अक्षर लांबवते. चार वर्षांत नातीच्या मराठीत तेच उतरले आहे. ती मला 'आजोऽबा' म्हणते.

हे तिच्या आईला आवडत नाही, उच्चार बिघडला म्हणते. माझ्या पुण्याच्या आतेभावाला माझे 'चहा केली' आवडत नाही, तसेच हे. गुजरातीत चा स्त्रीलिंगी, म्हणून आमच्याकडे चहाही कधी कधी बाई होतो. अठराव्या शतकात आलो, गुजरात्यांच्या शेजारी राहिलो, एवढे तर होणारच. ज्या सयाजीरावांनी १९३१ साली राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडून कोश छापवला, त्यांच्या गावातून हे लिहितो आहे. खोसाने शेजाऱ्यांच्या टाळ्या घेतल्या, हंगेरियनने शेजाऱ्यांची गाय घेतली. मी एका चहाचे लिंग घेतले तर पुण्याने एवढे का रागवावे?

विनंती दोनच. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच टायपात, 'झोसा' ऐवजी 'खोसा' असे वाचावे, अशी दुरुस्ती छापावी, आणि व्याकरण नाही हे विधान मागे घ्यावे. दुसरी विनंती आपल्या मुद्रितशोधकांना. या पत्रातली 'म्न्त्व', 'म्ह्ल', 'द्ल' ही जोडाक्षरे संगणकावर फुटली तर पाय मोडून लिहावीत, चालेल. सोपी करू नयेत. आणि जागेअभावी पत्र कापायचे असेल तर कवळीचा प्रसंग कापावा, ठिपक्यांचा नको.

आपला,
एक निवृत्त जुळारी,
दांडिया बाजार, वडोदरा